संशोधनाचा आराखडा की भरायचा फॉर्म?

परवा एक विद्यार्थिनी संशोधन प्रकल्पाचा आराखडा घेऊन आली. विषय : 'ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक अभ्यास'. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, सगळं नीट टाइप केलेलं. निष्कर्षसुद्धा लिहून तयार! अजून एकाही माणसाला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

"अगं, हे कुठून आणलंस?"

"मागच्या वर्षीच्या ताईंचं आहे मॅडम. फक्त विषय बदलला."

खरं सांगते, त्या ताईच्या आराखड्यावर सही माझीच होती.

मग कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, यातलं तुला स्वतःला काय माहीत आहे? ती बीड जिल्ह्यातली. आईवडील दरवर्षी तोडीला जातात. म्हणाली, "नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. हंगाम संपला तरी फिटत नाही, मग पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच." जरा थांबून म्हणाली, "पण शेजारच्यांनी मुकादम बदलला. कसा, ते नाही कळलं."

हा झाला प्रश्न! उचल अंगावर असताना मुकादम कोणाला बदलता येतो? पुढचा आराखडा अर्ध्या तासात झाला. कोणाकोणाला विचारायचं, उचलीचा हिशेब कोणाकडे असतो, त्यात बाईला कोणी विचारतं का, आधी कोणी काय लिहिलंय आणि काय सापडलं तर आपला अंदाज चुकला असं मानायचं. निष्कर्षाची जागा कोरी.

२०२० च्या शैक्षणिक धोरणामुळे चार वर्षांच्या पदवीत संशोधन आलं. चांगलंच झालं. पण आपण तपासतो काय? पानं, बाइंडिंग आणि साम्याची टक्केवारी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. शब्द फिरवले की तो आकडा गाठता येतो. उसना प्रश्न मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही.

वेळ नाही, प्रकल्पांचा ढीग आहे, कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, सगळं मान्य. तरी एवढं करता येईल : आराखड्याला वेगळे गुण ठेवा आणि ते दहा मिनिटांच्या तोंडी चर्चेवर द्या. "हा प्रश्न तुला का पडला?" एवढं विचारलं तरी पुरे. ज्याने फक्त विषय बदललाय, तो तिथेच अडतो. आणि तिथे अडलेला बरा. वर्षअखेरीस अडला तर आपण सही करून मोकळे होतो.

या रविवारी ती आईवडिलांच्या कोपीवर जाणार आहे. पहिली मुलाखत आईचीच. सही मी ती परत आल्यावर करणार आहे.