मुलांस पुढारीपण केव्हा शिकविणार?

पुढारी कोणी आईच्या पोटातून जन्मास येत नाही. तो घडवावा लागतो, व घडविण्याचे खरे वय हायस्कुलातले होय. आमच्या शेतकरी-कारागीर घरांत मूल पास झाले की पेढे वाटतात. पण चार माणसांत उभे राहून त्याला दोन शब्द बोलता येतात काय, याची चौकशी कोण करतो?

मुंबईस ठाकूरद्वाराजवळ, गिरगावात, जगन्नाथ शंकरशेट यांच्या वाड्यात १८४९ साली मुलींची शाळा भरू लागली. ती सरकारने काढली नव्हती. एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी व तरुण शिक्षक यांनी १८४८ साली स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली. तिच्याच सभासदांचा हा उद्योग. ही मंडळी सभा भरवीत, निबंध वाचीत, वाद करीत आणि आरंभी पगार न घेता स्वतः मुलींस शिकवीत. दादाभाई नौरोजी त्यांतलेच, वय अवघे चोवीस. पुढे १८९२ साली ते विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेले. तेथे लागणारे धैर्य एका दिवसात येत नसते.

पुण्यास १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी शाळा काढली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे व त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. बोलण्याची मोकळीक मिळाली की दबलेल्या घरचे मूलही जगाला जाब विचारते, तो असा.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहात, स्वयंपाक, पाणी, शेतकाम आपल्या हातांनी करीत. दहा जणांचे जेवण वेळेवर निघेल अशी व्यवस्था ज्याने केली, तो पुढे गावाचा कारभारही नीट करील.

आमच्या शाळांतून मात्र बहुधा अधिक मार्क मिळविणारा मॉनिटर होतो, आणि बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे हे त्याचे काम! ही हवालदारी झाली. मागच्या बाकावरचे कुंभाराचे पोर वर्षभर मुकेच राहते. गुरुजींनी वर्गनायक मुलांच्या मतांनी निवडावा व दर महिन्यास बदलावा, मुलींची पाळी चुकवू नये. सहलीच्या पैशांचा हिशेब मुलांनीच ठेवून सर्वांपुढे वाचावा. दर आठवड्यास वादसभा भरवावी, व तीत न बोलणाऱ्यास प्रथम उभे करावे.

आईबापांचेही काम आहे. पोर भाषणाची तयारी करू लागले तर ‘अभ्यास सोडून नाटके करतो’ म्हणून हटकू नये. त्याला ग्रामसभेस न्यावे, सोसायटीचा अहवाल त्याच्याकडून वाचून घ्यावा, न कळेल ते विचारू द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या, असे २००९ चा कायदा सांगतो. तेथे आपण नुसता अंगठा वा सही करून परतलो, तर मुले तेच शिकतील.

१९८९ पासून मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो. म्हणजे दहावीतले मूल मतदानापासून दोन-तीन वर्षांवरच उभे आहे. शाळेत ज्याने कधी मत दिले नाही, हिशेब मागितला नाही, तो उद्या कोणाचाही झेंडा खांद्यावर घेऊन फिरेल, आणि आमच्या घरांतून झेंडे वाहणारेच तेवढे निपजतील. बांधवांनो, हे आपणांस चालेल काय?