होडीची हजामत

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा विमानतळावरच जावईबापूंनी विचारले, "बाबा, तुम्हाला रंगकाम येते ना?" मी हो म्हणून बसलो. दर गणपतीला घरचे मखर मीच रंगवतो. तेवढ्या भांडवलावर दिलेला तो होकार मला पुढे सहा आठवडे पुरला.

गॅरेजात एक जुनी होडी पालथी पडली होती. मिरर जातीची. 'डेली मिरर' या लंडनच्या वृत्तपत्राने १९६३ साली ती साध्या संसारी माणसांसाठी काढली. आराखडा जॅक होल्ट या होडीतज्ज्ञाचा आणि टेलिव्हिजनवर घरगुती सुतारकाम शिकवणाऱ्या बॅरी बकनेलचा. कापलेले प्लायवूड घरी यायचे. त्याचे तुकडे तांब्याच्या तारेने चक्क टाके घालून जोडायचे आणि शिवणीवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. सुरुवातीची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. लांबी जेमतेम अकरा फूट, शिडे तांबडीलाल. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. सुताराने नव्हे, शिंप्याने करावी अशी ही होडी, म्हणून आमच्या सौभाग्यवतींना ती पहिल्यापासून आवडली.

माझा बेत सोपा होता. पोपडे खरवडायचे, खड्ड्यांत लांबी भरायची, रंगाचे दोन हात द्यायचे. दोन रविवारांचे काम! पॉलिशपेपर घेऊन मी बसलोही. तोच मुलगी आतून धावत आली. "बाबा, थांबा! जुन्या रंगात शिसे असते. ती धूळ नातवाच्या पोटात जायला हवी आहे का तुम्हाला?"

नातू पाच वर्षांचा आणि दिवसभर आजोबांच्या पायांत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, हे वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचलेले हातापर्यंत यायला वेळ लागतो. दुकानातून तपासणीचे साहित्य आणले. तळच्या थरात शिसे निघाले! मग कोरडे घासणे बंद, रंग जाळून काढण्याचा तर विचारच नको. सपाट जागी रंग सोडवणारे रसायन लावायचे. शिवणींवर मात्र ते चालत नाही, काचतंतूची राळच त्याने मऊ पडते. तिथे कागद पाण्यात बुडवून हाताने घासायचे. तोंडाला मुखवटा, खाली प्लॅस्टिक, जमीन ओल्या फडक्याने पुसायची, कपडे वेगळे धुवायचे. नातवाला गॅरेजबंदी. तो दाराच्या काचेला नाक लावून उभा राही, आणि मला आपण तुरुंगात असल्यासारखे वाटे.

रंग गेला आणि खरी होडी दिसली. मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात लाकूड काळसर होते. जावईबापूंनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो पिकल्या पपईत जावा तसा आत गेला. "अहो, लांबी भरा वर, कोणाला दिसते आहे?" मी म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारले, "बाबा, यात बसणार कोण?"

यावर मी काही बोललो नाही. कुजका भाग घट्ट लाकूड लागेपर्यंत कापून काढला. मग वाळवण. ओल्या लाकडावर रंग चढवला की उन्हात फुगे येतात, म्हणून दोन आठवडे होडीला नुसते वारे खाऊ घातले. मग इपॉक्सीने नव्या प्लायवूडचे ठिगळ बसवले. त्या दोन आठवड्यांत मला जितका कंटाळा आला तितका नोकरीतही आला नव्हता.

पुढचे काम मात्र मजेचे. आधी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग दोनशेचाळीस. प्रायमर वाळल्यावर नातवाची गॅरेजबंदी उठली, कारण त्याच्याजोगे काम निघाले होते. हातात पेन्सिल देऊन त्याला सांगितले, होडीभर रेघोट्या ओढ! त्याने हत्ती काढला, आजीही काढली. तो झोपल्यावर आम्ही कागद फिरवला. उंचवट्यावरच्या रेघा पुसल्या जातात, खळग्यातल्या राहतात. जिथे रेघ राहिली तिथे लांबी. हत्तीची सोंड तीनदा भरावी लागली.

शेवटचा रंग पातळ हातांनीच द्यायचा. जाड दिला की ओघळ येतात. जावई रोलर फिरवत, मी मागून जवळजवळ कोरडा ब्रश अलगद ओढून बुडबुडे मोडत जाई. बोलायचे नाही, थांबायचे नाही. थांबलात की सांधा दिसतो. तिसऱ्या वाराला एक पतंग येऊन चिकटला. मी बोट पुढे केले तसे जावई ओरडले, "राहू द्या! वाळल्यावर निघेल." निघालाही. फक्त एक पाय राहिला, तो मी कोणाला दाखवलेला नाही.

कोकणात नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जातात, तेव्हा नारळ हवाच, असे म्हणून सौभाग्यवतींनी पाणवठ्यावर पिशवीतून नारळ काढला. जावईबापू पांढरेफटक. "आई, होडीवर नको हो!" तिने धक्क्याच्या दगडावर तो फोडला, नव्या फळीला कुंकवाचे बोट तेवढे लावले आणि शेजारच्या इंग्रज गृहस्थांना खोबऱ्याचा तुकडा दिला. हे आतून लावायचे की बाहेरून, असे त्यांनी अदबीने विचारले.