कार सीट बदलण्याची घाई कशाला?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मूल गाडीत सीट बेल्टशिवाय किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय बसलेले आढळले, तर एक हजार रुपये दंड होतो. तरतूद हवीच होती, पण दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला तरी तिची पूर्तता होते आणि पालक निर्धास्त होतात. हा पट्टा प्रौढांच्या हाडांवर रुळेल अशा बेताने केलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत वरचा पट्टा मानेला घासतो आणि खालचा कमरेच्या हाडाऐवजी मऊ पोटावर येतो. गाडी आदळली की तोच पट्टा आतडी, यकृत आणि मणक्याला इजा करू शकतो.

मूल वाढले की त्याला पुढच्या आकाराच्या आसनात बसवण्याची आपल्याला हौस असते. बाळ वर्षाचे झाले की त्याचे तोंड पुढे, तीन-चार वर्षांचे झाले की बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक), शाळेत रुळले की नुसता पट्टा. खरे तर यातल्या प्रत्येक पायरीवर संरक्षण थोडे कमी होते, म्हणून प्रत्येक पायरी होईल तितकी लांबवावी. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे असताना समोरून धडक बसली, तर पट्टे धड रोखून धरतात, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल, तर तोच धक्का आसनाच्या पाठीवर पसरतो. जेमिनी यानातल्या अंतराळवीरांची आसने पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी साठच्या दशकात ही कल्पना मुलांसाठी वापरली. तिथे आजही मुले चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करून बसवण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दोन वर्षांची अट काढून टाकली. आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मुलाला तसेच बसवा, असे ती आता सांगते. अशा आसनापुढे एअरबॅग चालू असणे मात्र जीवघेणे आहे, म्हणून ते मागच्या सीटवरच हवे.

मुलाचे पाय अवघडतात, ही नेहमीची तक्रार. पण मुले मांडी घालून किंवा गुडघे वाकवून मजेत बसतात. आईच्या मांडीवर मूल सुरक्षित असते, ही समजूत अधिक खोल रुजलेली आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचे बाळ धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कुणाच्याच हातांत नसते आणि शहरात ५० चा वेग काही विरळा नाही. खर्चाचा आक्षेप खरा आहे. पण दोन्ही बाजूंना तोंड करून बसवता येणारे आसन एकदा घेतले की बरीच वर्षे पुरते, आणि लाखोंच्या गाडीत सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या घराला ते जड नसावे. वापरलेले आसन घ्यायचेच, तर ते अपघातातून गेलेले नाही याची खात्री हवी.

बूस्टर सुटण्याचे वय साधारण अकरा-बारा, म्हणजे उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास. पाठ सीटला टेकून गुडघे कडेवर वाकतात का आणि पट्टा खांद्याच्या मधोमध व कमरेच्या हाडावर बसतो का, हे पाहावे. नियमांत असे टप्पे घालणे अशक्य नाही. दुचाकीवरच्या चार वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा केंद्राने २०२२ मध्ये अधिसूचित केलीच आहे. मोटारीसाठीही चौदा वर्षांची सरसकट रेघ सोडून उंचीनुसार आसन ठरवून द्यावे. रस्त्यावर तपासायलाही ते सोपे पडेल, कारण मुलाच्या जन्मतारखेचा दाखला गाडीत कुणी ठेवत नाही.