टाकीतले पाणी आणि तोडलेला ऊस



गेल्या पावसाळ्यात साखरेची पोती घेऊन भिवंडीला निघालेला ट्रक ठाण्याजवळ बाळकुमला, कशेळीच्या पुलाअलीकडे बंद पडला. डिझेलच्या टाकीत पाणी निघाले. कुणी म्हणाले, "हा आपल्याच इथेनॉलचा प्रताप!" आम्हांला ते पटत नाही. इथेनॉल मिसळतात पेट्रोलमध्ये. ट्रक चालतो डिझेलवर. पाणी शिरते ते ढिल्या झाकणातून, उघड्या बॅरलमधून. शिवाय अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेला पाणी सुटते.

साखर ताडपत्रीखाली थांबते, तोडलेला ऊस थांबत नाही. वाळून घटलेले वजन त्या सभासदाचे. उतारा घटला तर तोटा सगळ्यांचा. तेव्हा टाकी ही एकट्या गाडीवाल्याची बाब नव्हे.

उपाय साधा आहे. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसते. सकाळी इंजिन चालू करण्याआधी टाकीचे खालचे बूच ढिले करून ते डब्यात काढावे, फिल्टरमधलेही काढावे. त्या वेळी विडी-काडी दूर ठेवावी. पाणी जास्त निघाले तर फिल्टर बदलून, लाइनमधली हवा काढूनच गाडी चालू करावी. नाहीतर पंप आणि नोझल खराब होतात. मुक्कामाला टाकी भरलेली असावी.

गाळप हंगामाआधी गाड्यांचे टायर-दिवे पाहतो, तशी टाकीही पाहावी, असे आमचे मत आहे. आणि तोडीच्या दिवशी सभासदाने एवढे विचारावेच, "दादा, टाकीतले पाणी काढले का?"