वढाय मोठ्या अक्षरात

ऑफिसच्या कृपेने जपानी शिकलो. क्लायंट टोकियोचा, त्यामुळे परीक्षा देणं आलंच. पहिल्यांदा ऑनसाइट गेलो तेव्हा टीमने कराओकेला नेलं, आणि तिथे माझी चांगलीच फजिती झाली. स्क्रीनवर लिहिलं होतं 'उच्यू', म्हणजे अंतराळ. मी इमानदारीत 'उच्यू' म्हटलं. सगळे हसले, कारण गाण्यात म्हणायचं होतं 'सोरा', म्हणजे आकाश. कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही होतं, मीच बघितलं नव्हतं.

या बारीक अक्षरांना फुरिगाना म्हणतात. जपानी गीतकार त्यांचा मस्त उपयोग करतात. 'उन्मेई' (नशीब) लिहून 'सादामे' गायचं, 'रियू' (कारण) लिहून 'वाके' गायचं. डोळ्यांना एक शब्द, कानांना दुसरा. ही खोड आजची नाही. 8 व्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहातही थंडीचं चिन्ह लिहून ते 'फुयू', म्हणजे हिवाळा, असं वाचलेलं सापडतं.

आपण मात्र छाती फुगवून सांगतो की मराठी जशी लिहितो तशीच वाचतो. खरंच? 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' मोठ्याने म्हणून बघा. अक्षरं तीच, ज वेगळा. आणि मी तर मुक्ताईनगरचा. आमच्याकडे एस.टी.च्या पाटीवर मुक्ताईनगर असतं आणि म्हातारी माणसं वाचतात एदलाबाद. म्हणजे फुरिगाना आमच्या स्टँडवरही आहे, फक्त छापलेला नाही :)

आता मुद्द्याचं. आमच्या लेवा गणबोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. चारी बाजूंना केळीच्या बागा, आणि आजी त्याला म्हणणार केयी. शाळेत मी निबंधात 'केयी' लिहिलं आणि लाल शाईचा गोल मिळाला. त्यानंतर मी घरी येऊन आजीलाच सुधारायला लागलो. "आजी, केयी नाही, केळी." ती म्हणायची, "तुले समजलं ना? मंग झालं." हळूहळू ती माझ्याशी कमी बोलायला लागली. ते का, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) लिहायला शिकल्या नव्हत्या. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून घेतली. 1952 साली पुस्तक आलं. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की ती शुद्ध करून लिहिली नाहीत. मनावरच्या गाण्यात 'वढाय' आहे तो 'वढाय'च राहिला. पुण्यातल्या माझ्या रूममेटला तो काहीतरी वेगळाच शब्द वाटायचा. मी सांगितलं, अरे, ओढाळ! दुसऱ्याच्या शेतात घुसणारं ढोर. ळ चा य कर. तेव्हा त्याची ट्यूब पेटली.

तळटीप हेच काम करते, पण वाचणारा खाली जाऊन वर येईपर्यंत गाणं तुटतं. एचटीएमएलमध्ये 'रुबी' नावाचा टॅग आहे, फुरिगानासाठीच केलेला. देवनागरीलाही चालतो. मग अहिराणी, लेवा, वऱ्हाडी, मालवणी लिहिताना तो का वापरू नये?

फक्त एक अट. जपानी गाण्यात गायचा शब्द बारीक असतो. आपण उलट करावं. 'वढाय' मोठ्या अक्षरात आणि वर बारीक 'ओढाळ'. ज्याला कळत नाही त्याने वर बघावं. बाईंनी म्हटलेला शब्द आपल्या सोयीसाठी लहान का व्हावा?

टॅग वगैरे नंतर बघू. निदान आजीचं बोलणं कुठे टाइप कराल तेव्हा दुरुस्त करू नका. मी आता फोनवर केयीच म्हणतो. काल आजी तासभर बोलली.