पियानो ठेवायचा कुठे?

कोवलम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केरळ येते. पण आणखी एक कोवलम आहे. चेन्नईच्या दक्षिणेला साधारण चाळीस किलोमीटरवर, महाबलीपुरमला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडवरचे हे मच्छीमारांचे जुने गाव. गावात चर्च आहे, दर्गा आहे आणि लांबच लांब किनारा आहे. २०२१ मध्ये या किनाऱ्याला स्वच्छतेसाठी दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. जवळच्या केळंबाक्कम, सिरुसेरी भागात संगणक कंपन्यांची कार्यालये वाढली, तशी काही मराठी कुटुंबेही या बाजूला राहायला आली. माझी ताई त्यांपैकीच एक. तिसऱ्या मजल्यावरचे तिचे घर, हॉलच्या खिडकीतून दिसणारा समुद्र आणि दिवसभर अंगावर येणारा खारा वारा!

दोन वर्षांपूर्वी ताईने लेकीसाठी डिजिटल पियानो घेतला. चाळीस हजारांच्या आसपास रक्कम गेली. भाची तेव्हा दहा वर्षांची होती. घरात पाहुणा यावा तसे त्या पियानोचे स्वागत झाले. नव्याचे नऊ दिवस संपले आणि गेल्या मे महिन्यात मी गेले, तेव्हा त्या पियानोवर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. भावोजी म्हणाले, ‘‘विकून टाकावा म्हणतोय. कोणाचा तरी उपयोग होईल.’’ भाची काहीच बोलली नाही. फक्त कपड्यांचा गठ्ठा उचलून आत घेऊन गेली.

त्या आठ दिवसांत मला जे उमगले, ते आज आपल्याला सांगायचे आहे. कारण हल्ली अनेक घरांत हे वाद्य येऊ लागले आहे आणि अनेक घरांत त्याचे कपाट होऊ लागले आहे.

कीबोर्ड वेगळा, पियानो वेगळा

आधी थोडे या वाद्याविषयी. सन १७०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पहिला पियानो घडवला. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते, हे त्याचे मर्म. हळू दाबली तर सूर हळू, जोरात दाबली तर मोठा. तारांचा हा पियानो आजही उत्तमच. पण उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते, त्यात दोनशेहून जास्त तारा असतात आणि वर्षातून एक-दोनदा तो जाणकाराकडून सुरात लावून घ्यावा लागतो. समुद्रकाठी तारांना गंज चढतो, तो वेगळाच. भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर हे प्रकरण झेपणारे नाही.

डिजिटल पियानोत तारा नसतात. खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रित सूर त्याच्या स्मृतीत साठवलेले असतात. साधा, हलवता येण्याजोगा पियानो अकरा-बारा किलोचा असतो. त्याला सुरात लावावे लागत नाही आणि हेडफोन लावला की शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही.

मात्र दुकानात गेल्यावर कीबोर्ड आणि पियानो यांत गल्लत करू नका. कीबोर्डच्या पट्ट्या बहुधा कमी आणि हलक्या असतात. त्यात ताल, तबला, ड्रम असे पुष्कळ काही असते. पियानोला ८८ पट्ट्या हव्यात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. शिवाय त्या वजनदार हव्यात. डावीकडे जड आणि उजवीकडे हलक्या होत गेलेल्या असतील तर उत्तमच. हलक्या पट्ट्यांवर शिकलेल्या मुलाची बोटे खऱ्या पियानोवर थकतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांना तर पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषयच आहेत. तेव्हा मुलाला कोणती परीक्षा द्यायची आहे, हे शिक्षकांना आधी विचारावे, मग पैसे मोजावेत. शेकडो ध्वनींच्या मोहात पडू नये. पट्टी बोटाला कशी लागते, ते स्वतः दाबून पाहावे.

पहिली जागा : समुद्राची खिडकी

ताईने पियानो पहिल्यांदा ठेवला तो हॉलच्या खिडकीखाली. शोभा तर काय वर्णावी! मुलगी वाजवतेय आणि मागे निळा समुद्र. पण आठ महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. एक पट्टी मुकी झाली. दुसरी कितीही अलगद दाबली तरी ओरडल्यासारखी वाजू लागली. भाचीला वाटले, आपलाच हात चुकतो. ती तोच धडा पुन्हा पुन्हा वाजवायची आणि त्याच जागी तोच सूर किंचाळायचा. शेवटी ती रडून उठायची.

दोष तिचा नव्हता. प्रत्येक पट्टीखाली रबराचे छोटे गोटे असतात आणि त्यात विजेचे दोन, काही वाद्यांत तीन, संपर्कबिंदू असतात. पट्टी दाबली की ते एकापाठोपाठ एक टेकतात. त्यांच्या टेकण्यातले अंतर मोजून वाद्य ठरवते, की बोट किती जोरात पडले. या बिंदूंवर धूळ, ओल किंवा खारटपणा बसला की हिशेब चुकतो. मग पट्टी गप्प तरी बसते, नाहीतर एकदम मोठ्याने वाजते. कारागिराने येऊन वाद्य उघडले, रबराच्या पट्ट्या काढून साफ केल्या आणि सूर ताळ्यावर आले. मुलीचा हिरमोड मात्र तेवढ्याने भरून निघाला नाही.

तेव्हा मुंबई असो, रत्नागिरी असो की पणजी, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पियानो खिडकीसमोर ठेवूच नये. आतल्या भिंतीला लावावा. वर सुती कापडाचे आच्छादन घालावे. प्लास्टिकने आत ओल कोंडते. उन्हाच्या तिरिपीनेही पट्ट्या पिवळ्या पडतात. पट्ट्या पुसायला मऊ कापड किंचित ओले करून घट्ट पिळावे आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावे. स्पिरिट किंवा थिनर लावू नये.

दुसरी जागा : बंद खोली

दुरुस्तीनंतर पियानो गेला भाचीच्या खोलीत. तिथे वातानुकूलन यंत्र होते. ‘‘तिथे जपून राहील आणि ही एकाग्रतेने सरावही करेल,’’ असे ताईचे म्हणणे. दोन्ही अंदाज चुकले. रात्रभर थंड झालेल्या खोलीचे दार सकाळी उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड वस्तूंवर दव धरावे तशी ओल धरते. चष्म्यावर धरते, तशीच पियानोवरही. म्हणून अशा खोलीत वाद्य असेल तर यंत्र बंद केल्यावर ते झाकलेले राहू द्यावे आणि खोलीतला गारवा उतरल्यावर मगच उघडावे.

पण त्याहून मोठी चूक दुसरी होती. खोली बंद, कानाला हेडफोन आणि मुलगी एकटी. घरात कोणालाच तिचे वाजवणे ऐकू येत नव्हते. नवा धडा बसला की ‘वा!’ म्हणणारे कोणी नाही आणि चुकला तर ‘पुन्हा वाजव’ म्हणणारेही नाही. ताई रोज स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘‘सराव झाला का गं?’’ आतून ‘हो’ यायचे. खरे-खोटे कोणाला ठाऊक! हळूहळू त्या ‘हो’मागचे वाजवणे संपले आणि वर कपडे रचले गेले.

दहा वर्षांच्या मुलीने एका कोपऱ्यात, कोणी ऐकत नसताना रोज अर्धा तास बसावे, ही अपेक्षाच जास्तीची नव्हे का? आपण मोठी माणसे तरी बसू का?

तिसरी जागा : जेवणाच्या टेबलाशेजारी

भावोजींना मी म्हटले, ‘‘विकायचाच असेल तर विका. पण जागा एकदा बदलून पाहू.’’ जेवणाच्या टेबलामागे एक आतली भिंत होती. तिथले शोभेचे कपाट हलवले. शेगडी दहा-बारा फुटांवर, त्यामुळे फोडणीचा धूर तिथवर पोहोचत नव्हता. दीड मीटर रुंदीची जागा पुरली.

मांडणी करताना आम्ही काही गोष्टी नीट पाहिल्या. स्टँडची उंची अशी धरली की पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर येतील. बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीत यायला हवे. मुले वाढत असतात, म्हणून वरखाली होणारे बाक चांगले. ते नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी आणि लोंबणाऱ्या पायांखाली पाट. गुळगुळीत फरशीवर पायाचा पेडल पुढे पुढे सरकतो, त्याच्याखाली रबरी चटई घातली. पियानो सुरू करताना पेडलवर पाय असेल तर काही वाद्यांत पेडल उलटा चालू लागतो. घाबरू नका, पाय काढून पियानो बंद करून पुन्हा सुरू करा.

वाद्याबरोबर आलेलाच ॲडॅप्टर वापरावा. दुसरा कुठला तरी पिन बसतो म्हणून लावला, तर वाद्य कायमचे जाण्याची भीती. चेन्नईकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरा पावसाळा. तेव्हा विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढावा. हेडफोन तारेचाच घ्या. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो, बोट आधी आणि सूर मागून, असे होऊन ताल बिघडतो.

आणि एक नियम केला : दिवसा हेडफोन नाही. रात्री नऊनंतरच. दिवसा वीस मिनिटे, आवाज बेताचा, सगळ्यांना ऐकू येईल असा. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही. पियानोतच तालाची टिकटिक असते, ती संथ ठेवायची. पहिल्या दिवशी भाची अवघडली. तिसऱ्या दिवशी भावोजी चहा पिता पिता म्हणाले, ‘‘ते मघाचे पुन्हा वाजव बघू.’’ तिने दोनदा वाजवले.

पेटी आणि पियानो

आमचे माहेर मिरजेचे, सतार-तंबोऱ्यांचे गाव. बाबा हौसेने पेटी वाजवायचे. ते गेल्यापासून पेटी बंद होती. आईने ती कोणाला दिली नाही आणि उघडलीही नाही. ऑक्टोबरमध्ये ती ताईकडे आली, तेव्हा ‘‘घरात राहून भाता कुजेल’’ एवढेच म्हणत पेटी बरोबर घेऊन आली. मीही त्याच दिवसांत तिथे होते.

या मुलखाशी मिरजेचे एक नाते आहे, ते आईने नातीला सांगितले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे निधन १९३७ साली इथूनच पुढे, आजच्या चेंगलपट्टू जिल्ह्यातल्या सिंगपेरुमाळ कोइल स्थानकावर झाले आणि त्यांचा देह मिरजेला नेण्यात आला. मग म्हणाली, ‘‘तुझ्या या वाद्यातून आमच्या गाण्यातली मींड निघायची नाही हो!’’

ते खरेच आहे. पियानोची काय किंवा पेटीची काय, पट्टी एका जागी बांधलेली. दोन सुरांमधली वाट तिला चालता येत नाही. याच कारणावरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणून काही घराघरांतल्या पेट्या थांबल्या नाहीत. ज्याची मर्यादा ठाऊक आहे, त्याच्याशी भांडायचे कशाला?

भाचीने आजीला विचारले, ‘‘तुझा सा कुठला?’’ आई म्हणाली, ‘‘काळी चार.’’ डिजिटल पियानोत पट्टी बदलण्याची सोय असते. इंग्रजीत तिला ट्रान्सपोज म्हणतात. ती वजा चारवर नेली की बोटे पांढरी एकवर ठेवली, तरी सूर काळी चारचा निघतो. गाणाऱ्यांच्या घरात ही सोय फार कामाची. मात्र काम झाल्यावर ती शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी शिक्षकांसमोर सगळा धडा भलत्याच सुरात वाजेल.

मग आईने पेटी उघडली. भाता ओढला, एक सूर धरला. पियानोचा तोच सूर लावला, तर दोन्ही जुळेनात. मधे लहरी उठत होत्या. पियानो ४४० च्या आंतरराष्ट्रीय मापावर आणि बाबांची पेटी त्याहून किंचित चढी. पेटीचे स्वर हलवायचे तर कानस घेऊन कारागीर बसला पाहिजे. पण पियानोत बारीक सूर बदलण्याची कळही असते. आजी सूर धरून होती, नात एकेक टप्पा चढवत होती. चौथ्या टप्प्याला लहरी थांबल्या. दोन सुरांचा एक सूर झाला. आई काही वेळ भाता हलवतच राहिली. मग म्हणाली, ‘‘हिला भाता लागतो, त्याला वीज. एवढाच काय तो फरक.’’

पेटी परत मिरजेला गेली नाही. ती पियानोशेजारी, त्याच आतल्या भिंतीला आहे. विकण्याची गोष्ट पुन्हा निघालेली नाही. भाची मोठी वादक होईल की नाही, कोणी सांगावे! रोज संध्याकाळी, कुकरची शिट्टी आणि टेबलावरच्या ताटांच्या आवाजात, ती वीस मिनिटे वाजवते.

आपल्या घरी असा पियानो असेल, तर आज त्याच्यावरचे कपडे उचला आणि त्याची जागा एकदा पाहा. खाऱ्या वाऱ्यापासून तो दूर हवा आणि घरातल्या माणसांच्या जवळ हवा.