बाटली भरण्याआधी दोनदा मोजा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलाकडे किंवा भाचीकडे महिनाभर राहायला गेलेल्या आईवडिलांना, मावशी-काकांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कधी कधी एक झाकणाची, बुडबुड आवाज करणारी पांढरी बादली दिसते. ‘बियर करतोय’ असं उत्तर मिळालं की घरात दोन तट पडतात. एकाला हातभट्टी आठवते. दुसऱ्याला वाटतं, घरचं आहे ना, मग बाहेरच्यापेक्षा बरंच असणार. दोघांच्याही समजुतीत गफलत आहे, आणि ज्या गोष्टीची काळजी खरोखर करायला हवी ती या वादात कुणीच काढत नाही.

तिकडे हा उद्योग कायदेशीर आहे. १९६३ पर्यंत ब्रिटनमध्ये घरी बियर करायला परवाना लागत असे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. स्वतःसाठी करा, विकू नका, एवढंच बंधन उरलं. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय कोणतंही मद्य तयार करणं गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या स्वयंपाकघरासाठी. परत येताना कुणी बॅगेत डबा घालून आणू नये.

या डब्यात असतं काय? सातूला मोड आणायचे, वाळवायचे, कोमट पाण्यात ठेवायचे, की मोडांतली विकरं पिठुळ भागाची साखर करतात. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणीला मोड आणतो, तिथेही हीच विकरं तयार होतात. सातूचं हे गोड पाणी हॉप्सच्या कडवटपणासह आटवून काकवीसारखं घट्ट केलं, की झाला माल्टचा अर्क. साधारण १.७ किलोचा डबा, एक किलो साखर, २३ लिटर होईल इतकं पाणी आणि यीस्टची पुडी. अवघड भाग कारखान्यानं आधीच उरकलेला असतो.

आता हातभट्टीची भीती. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं दारूनं गेली, ती मिथेनॉलमुळे. ते मिथेनॉल आंबवण्यातून आलेलं नव्हतं. औद्योगिक वापराचं रसायन दारूत मिसळलं गेलं होतं. सातूच्या बियरमध्ये यीस्ट मिथेनॉल जवळजवळ करतच नाही, आणि बियर उकळून तिचा अर्क काढायचा नसतो. हा शेवटचा मुद्दा पक्का लक्षात ठेवावा. बियर जमली म्हणून उत्साहात कुणी घरी ऊर्ध्वपातन करायला घेतलं, तर तो परवान्याशिवाय ब्रिटनमध्येही गुन्हा आहे. शिवाय आगीचा धोका वेगळाच.

जंतूंची भीतीही थोडी जास्तच बाळगली जाते. तयार बियर आम्ल असते, तिच्यात अल्कोहोल असतं, हॉप्समधली कडू द्रव्यं असतात; माणसाला आजारी पाडणारे जिवाणू तिच्यात वाढत नाहीत. जपायचं ते यीस्ट पडण्याआधीच्या गोड पाण्याला. ते साखरेनं भरलेलं आणि कोमट असतं, म्हणजे कुणाही जंतूला जेवणाचं आमंत्रण. म्हणून बादली, चमचा, झाकण सगळं निर्जंतुक करून घ्यावं आणि यीस्ट घालायला उशीर करू नये. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हा आणखी एक त्रास. त्यानं बियरला दवाखान्यासारखा वास येतो. पाण्यात कॅम्पडेनची गोळी विरघळवली की तो टळतो. असा वास आलेली बियर प्रकृतीला बाधत नाही, पण पाहुण्यांना देऊ नये.

काळजी करायची ती काचेची. डब्यावरच्या सूचनांवर माझा खरा राग आहे तो इथे. ‘चार ते सात दिवसांत, बुडबुडे थांबले की बाटल्या भरा’ अशा अर्थाचं वाक्य अनेक डब्यांवर असतं. बुडबुडे थांबणं आणि आंबवणं संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाकण जरा सैल असेल तर वायू कडेनं निसटतो आणि नळीत बुडबुडा दिसतच नाही. ब्रिटनच्या हिवाळ्यात रात्री हीटर बंद झाला, खोली चौदा-पंधरा अंशांवर आली, की यीस्ट सुस्तावतं आणि तळाशी बसतं. साखर शिल्लक, बुडबुडे बंद! माणूस समाधानानं बाटल्या भरतो, कपाटात रचतो. ऊन पडायला लागलं, कपाट गरम झालं, की यीस्ट जागं होऊन राहिलेलं काम बंद बाटलीत पूर्ण करतं.

हिशेब सोपा आहे. बियरला फेस यावा म्हणून बाटली भरताना लिटरमागे पाच-सहा ग्रॅम साखर घालतात. त्यातून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाटलीत कोंडून राहतो, तेवढा तिला पेलतो. पण बियर आंबवून संपायला चार अंश बाकी असताना, म्हणजे १.०१० ऐवजी १.०१४ ला बाटली भरली, तर आतला वायू जवळजवळ दुप्पट होतो. बाटली फुटते तेव्हा काच खोलीभर उडते, आणि त्या वेळी कुणी कपाट उघडत असेल तर ती डोळ्याच्या उंचीवर असते.

हे आकडे सांगतो तो हायड्रोमीटर. दूध संस्थेत दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर पाहिला असेल, त्याचाच हा भाऊ. द्रवात साखर जास्त तर काचेची नळी वर तरंगते, साखर कमी झाली की खाली बुडते. सुरुवातीला वाचन १.०४२ च्या आसपास असतं आणि शेवटी १.०१० च्या. बाटल्या कधी भरायच्या याचा नियम एकच: दोन दिवसांच्या अंतरानं घेतलेली दोन वाचनं सारखी आली आणि ती अपेक्षित आकड्याजवळ असली, तरच. वाचन वरच अडकलं असेल तर बादली अठरा-वीस अंशांच्या खोलीत आणावी, हलकेच ढवळावं आणि आणखी आठवडा थांबावं. बियर बादलीत दोन आठवडे जास्त राहिली तर तिचं काही बिघडत नाही.

हे उपकरण काही पौंडांत मिळतं. बादलीसकट घेतलेल्या संचात बहुधा ते असतं. नुसता डबा घेणाऱ्याला मिळत नाही, आणि नवशिका नेमका नुसता डबा घेतो. माझं मत स्पष्ट आहे: यीस्टच्या पुडीसारखाच हायड्रोमीटरही डब्यासोबत यायला हवा, आणि सूचनेत दिवसांऐवजी आकडा छापायला हवा. ‘तीन आठवड्यांत तयार’ या जाहिरातीला तो अडचणीचा ठरेल, हे खरं. ठरू दे.

तोवर पहिल्या एक-दोन वेळा काच टाळावी. सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दाब उत्तम पेलतात आणि हातानं दाबून पाहता येतात. दगडासारखी टणक लागली की ती गार करून हळूच वायू सोडायचा. काचच वापरायची असेल तर बियरच्याच जाड बाटल्या घ्याव्यात. वाइनच्या बाटल्या किंवा मुरंब्याच्या बरण्या मुळीच नकोत. त्या झाकणाच्या खोक्यात ठेवाव्यात, आणि एखादी फुटली तर उरलेल्यांना उघड्या हातानं हात लावू नये. बादलीबद्दलही एक सूचना. एवढ्या बियरमधून आंबताना सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. हवेशीर खोलीत तो कळतही नाही, पण जिन्याखालच्या बंद कोठीत बादली ठेवून आत डोकं घालू नये.

आता दुसऱ्या तटाचं ‘घरचं म्हणून बरं’. अल्कोहोल घरचं असो की कारखान्याचं, यकृताला फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. तळाशी बसलेल्या यीस्टमधल्या ब जीवनसत्त्वाचा हवाला देणाऱ्यांनी त्यासाठी मोड आलेली मटकी खावी. सातूत ग्लूटेन असतं, म्हणून सीलिअॅकच्या रुग्णांनाही ही बियर चालत नाही.

घरच्या बाटलीचा एक तोटा मात्र दुकानातल्या बाटलीला नाही: तिच्यावर टक्का लिहिलेला नसतो. इथेही हायड्रोमीटरच उपयोगी पडतो. पहिल्या आणि शेवटच्या वाचनातल्या फरकाला १३१ नं गुणलं की अल्कोहोलचं प्रमाण मिळतं. १.०४२ वरून १.०१० म्हणजे ४.२ टक्के. अशा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ब्रिटिश मोजणीनं २.१ युनिट होतात, आणि तिथली आठवड्याची मर्यादा १४ युनिट आहे, म्हणजे साडेसहा बाटल्या. ‘जरा कडक होऊ दे’ म्हणून कुणी एक किलो साखर जास्तीची घातली तर तीच बियर सहा टक्क्यांच्या बरीच पुढे जाते आणि त्याच मर्यादेत साडेचार बाटल्याही बसत नाहीत. रंग तोच, फेस तोच, चवीतही फार फरक नाही. पिणारा मात्र नेहमीच्याच बियरचा हिशेब धरून चालतो.

म्हणून प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून टक्का आणि तारीख लिहावी, आणि पाहुण्यांसमोर ग्लास ठेवताना आकडा तोंडानंही सांगावा. गाडी घेऊन आलेल्याला ही बियर देऊच नये. इंग्लंडमध्ये वाहनचालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालतं, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०, आणि आपल्याकडे ३०.